नमुन्यावरचा क्रमांक

वहिनींची खोली दुकानाच्या माळ्यावर होती आणि तिचा जिना थेट दुकानात उतरे. बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. यजमान निवर्तल्यापासून त्या रोज सकाळी तो जिना उतरत, दिरांच्या संगणकापुढे बसत आणि नोकरीच्या शोधात आलेल्यांचे बायोडाटा लिहून देत. ही विद्या त्यांना प्रसन्न होती. "'मेहनती आहे' हे सगळेच लिहितात. तुमच्या हातून काय सुधारलं, ते सांगा," असे त्या म्हणत, आणि ओशाळून आलेला माणूस स्वतःचाच कागद वाचताना ताठ बसे.

त्या कागदाचा नमुना ठरलेला होता. माथ्यावर दुकानाचा फोन क्रमांक असे; कित्येकांचा स्वतःचा फोन धड चालत नसे, म्हणून मुलाखतीचे बोलावणे दुकानात येई आणि दीर अगत्याने निरोप पोहोचवत.

एका दूरच्या संस्थेला अर्जलेखन शिकवणारी बाई हवी होती. राहण्याची सोयही होती. दीर जेवायला गेल्याची संधी साधून वहिनींनी नमुना उघडला. 'पद' या शब्दापाशी बोटे अडखळली. नेमणूक नव्हती, वेतन नव्हते. होते ते केवळ नाते. अखेर त्यांनी लिहिले, 'बायोडाटा-लेखिका', आणि स्वतःशीच लाजल्या. इतक्यात दाराशी चपला वाजल्या. त्यांनी घाईघाईने अर्ज पाठवून दिला.

पुढच्या आठवड्यात समोर एक ड्रायव्हर बसला होता.

"वहिनी, मला काढून टाकलं हे नका हो लिहू."

"मग काय लिहू? तुम्हीच मालकाला काढलंत?"

तो खो खो हसला. तेवढ्यात फोन वाजला. दिरांनी तो उचलला.

"कोण? हो, त्या आमच्याच वहिनी... छे हो! तो आमचा नमुना असणार, चुकून आला तुमच्याकडे. त्यांना कशाला नोकरी? घरात काय कमी आहे? द्या ती जागा खुशाल दुसऱ्या कुणाला... दुसरी बाई तयारच आहे? तिला दिलीत? उत्तम!"

फोन ठेवून ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "ऐकलंत वहिनी? तुमच्या नावाचा नमुना खरा समजून बसले बिचारे!"

त्या हसण्यात कपटाचा लवलेश नव्हता. म्हणूनच वहिनींना रागाला जागा सापडेना.

"भाऊजी, तो..."

"आधी यांचं आटपा. ताटकळलेत."

वहिनींनी आपला अर्ज उघडून पाहिला. नाव, पद, अनुभव, सारे त्यांचे होते. माथ्यावरचा क्रमांक तेवढा दुकानाचा राहिला होता. नजरेला इतका सवयीचा, की दिसलाच नव्हता.

त्यांनी अर्ज मिटला आणि ड्रायव्हरचा कागद पुढे घेतला.

"तुमचा स्वतःचा फोन आहे ना? मग दुकानाचा नको. एकेक आकडा मोठ्याने सांगा."

त्याने सांगितला.

"पुन्हा सांगा," वहिनी म्हणाल्या.