वखारीतला रॉटवायलर

मालकांनी लाकडाच्या वखारीसाठी रॉटवायलर कुत्रा घेतला तेव्हा विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "जातच चावरी आहे, शिकवावं लागत नाही." त्याचं सांगायला काय जातंय! इथे करवत सुरू झाली की हा धटिंगण फळ्यांच्या थप्पीमागे दडून बसायचा आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्या पायांवर लोळण घ्यायचा. राखणदाराचा मात्र त्याच्यावर भारी जीव. बायको गेल्यापासून इतक्या मायेने जवळ येणारं त्याला दुसरं कुणी उरलं नव्हतं. तो त्याला सोन्या म्हणायचा.

मालकांचं डोकं फिरलं. "हे काय ध्यान पदरात पडलंय माझ्या? महिनाभरात माणसांवर धावून गेला तर ठीक, नाहीतर साडूकडे देतो. तो उपाशी ठेवून, काठीने बडवून बरोबर सरळ करेल याला."

त्या साडूने हाल करून ठेवलेले कुत्रे राखणदाराने पाहिले होते. मग त्याने एक शक्कल लढवली. मालकांच्या गाडीचा हॉर्न ऐकला की भुंकायचं आणि बिस्कीट खायचं, एवढंच त्याने सोन्याला शिकवलं. खादाड गडी तो, चार दिवसांत तयार झाला. साखळी ताणून असा काही भुंकायचा की मालक गाडीतून उतरायलाच धजेनात. पण खूश होते. "बघ, शेवटी जातीवर गेलाच की नाही?"

इथवर सगळं झकास. पुढे ही हुशारी राखणदाराच्याच अंगाशी आली. मालकांनी वेल्डरला लोखंडी पिंजरा करायला सांगितला. असलं जनावर मोकळं ठेवणं जोखमीचं, म्हणाले, आता हा जन्मभर आत. राखणदाराला रडू कोसळलं. मारापासून वाचवायला गेला आणि बिचाऱ्याला कैदेत टाकून बसला.

पिंजरा आला त्याच सकाळी फाटकात हॉर्न वाजला. सोन्या इमानेइतबारे भुंकू लागला. राखणदार पुढे झाला आणि त्याने साखळीच सोडून दिली.

मालकांनी घाईघाईने काच वर घेतली. सोन्या धावत गेला, दारावर पुढचे दोन्ही पाय टेकले आणि ती काच चाटायला लागला.

"मालक, भुंकायला मी शिकवलं त्याला," राखणदार बाहेरूनच म्हणाला. "यात त्याच्या जातीचं काही नाही, लबाडी माझी आहे. काढायचं तर मला काढा. त्याला कोंडू नका."

मालकांनी काचेतून राखणदाराकडे पाहिलं, सोन्याकडे पाहिलं. मग काच जरा खाली सरकली. तेवढ्या फटीत सोन्याने नाक घुसवलं. मालकांनी भीत भीत एक बोट त्या ओल्या नाकाला लावलं, पुन्हा लावलं, आणि त्यांना हसू फुटलं.

"पिंजरा परत पाठव," ते म्हणाले. "आणि हे बघ, चोरांना यातलं काही कळता कामा नये."