बॉयलरखान्याचे निरोप

बाबांची बोटं जाड, त्यात वाफेने चष्मा सतत धुरकट. टाइप करायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. पण धुलाई कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांचा हुकूम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: "ग्रुपवर कुणी बोलून पाठवायचं नाही. ऐकत बसायला वेळ कुणाला आहे? जे असेल ते लेखी." मग बापलेकीनेच तोड काढली. बाबा बॉयलरखान्यातून तिला बोलून पाठवायचे, आणि वर ऑफिसात बसून ती ते ग्रुपवर लिहायची.

"लिहा, राणीसरकार," ही बाबांची ठरलेली सुरुवात. "दोन नंबरचा व्हॉल्व्ह पार म्हातारा झालाय, माझ्यासारखा. दिवसभर कण्हतो, आणि विचारायला गेलं तर म्हणतो, छे, मला कुठे काय झालंय! साहेबांना म्हणावं, औषधपाणी पुरे, आता नवा आणा."

ती लिहायची, 'दोन नंबर व्हॉल्व्ह गळतो. बदलणे आवश्यक.' आणि बाबांचा निरोप पुसून टाकायची. पुसला म्हणजे काम झालं, राहिला म्हणजे बाकी. या शिस्तीचं साहेबांनी चारचौघांत कौतुकही केलं होतं.

बाबा झोपेतच गेले. त्यांचा फोन कंपनीचा; तो कारखान्याने परत घेतला, आतलं सगळं पुसून नव्या ऑपरेटरच्या हाती दिला. घरी फोटो बक्कळ, पण व्हिडिओ काढायला गेलं की बाबा हात आडवा धरून पळायचे.

एका दुपारी आई म्हणाली, "ह्यांचा आवाज असेल ना गं तुझ्या फोनात? एकदा ऐकव."

तिने फोन वरपासून खालपर्यंत चाळला. मग कारखान्यातल्या स्टोअरवाल्या काकांना विचारलं. बाबा त्यांनाही बोलूनच पाठवायचे.

"अगं, फोन भरला की मी आधी तेच काढून टाकायचो," काका ओशाळून म्हणाले. "म्हटलं, हा काय, उद्या पुन्हा बोलणारच आहे."

आईला सांगायचं कसं, ते तिला सुचेना. शेवटी सांगितलं, एकही निरोप उरला नाही. आईने फोनकडे बोट केलं.

"मग तू लिहायचीस ते तरी वाच."

तिने वाचलं, "पाण्याची पातळी कमी. पंप तपासावा."

"पुढे?"

"एवढंच आहे, आई."

"एवढंच कसं? ते एवढंच कधी बोललेत का?"

त्या दिवशी पंपावरून बाबा काहीतरी बोलले होते, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसले होते. ते हसले, एवढं तिला आठवत होतं. काय बोलले, ते नाही. कसे हसले, तेही नाही. तिने "लिहा, राणीसरकार" म्हणून पाहिलं. तोंडातून तिचाच आवाज आला, ऑफिसातला, नीटनेटका.

"राहू दे," आई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

ती वाचत राहिली. वर्षानुवर्षांची वाक्यं, एकातही चूक नव्हती. त्यातलं एकही बाबांचं नव्हतं.