दुभाष्याची जबानी

परदेशातल्या त्या धुलाईच्या कारखान्यात मुकादमाला अकरा वर्षं झाली होती. हॉस्पिटलच्या चादरी धुऊन, इस्त्री करून पाठवायचं काम. तिथली भाषा तो अशी बोलायचा की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं. म्हणूनच त्याच्याच मुलखातून आलेल्या मास्तरांना साहेबांनी त्याच्या हाताखाली दिलं. मास्तर आपल्या मुलखात गणित शिकवायचे. शाळा बंद पडली आणि पन्नाशीत परक्या देशात चादरींच्या घड्या घालायची पाळी आली.

इस्त्रीच्या तापलेल्या रुळांपुढे, हात आत जाऊ नये म्हणून, लोखंडी जाळी असायची. तिच्यामुळे हात चालेना, माल तुंबला, तेव्हा मुकादमानेच ती काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी रुळांत चादर सरकवताना मास्तरांचा उजवा हात तिच्याबरोबर आत ओढला गेला. तीन बोटं कायमची कामातून गेली.

चौकशीला सरकारी बाई आल्या, तोवर जाळी गुपचूप जागेवर बसली होती. दुभाष्या म्हणून मुकादमच बसला.

“जाळी नव्हती, एवढं सांगा त्यांना,” मास्तर म्हणाले. “कोणी काढली, मला ठाऊक नाही.”

मुकादम बाईंकडे वळला. “ते म्हणतात, त्यांचंच लक्ष नव्हतं,” त्याने सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. मास्तरांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली आणि बाहेर येऊन म्हणाले, “तुम्ही होतात म्हणून निभावलं.”

ते वाक्य त्याला आठवडाभर घास गिळू देईना.

मग तिथल्या वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. जेवणाच्या सुट्टीत मास्तर कात्रण घेऊन आले. “काय छापलंय बघा बरं. घरी फोनवर सांगायचंय.”

‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ अशीच सुरुवात होती. काहीही वाचून दाखवलं असतं तरी खपलं असतं. पण मास्तर डबा मांडीत दाबून डाव्या हाताने झाकण ओढत होते, आणि ते निघत नव्हतं.

“मास्तर, जाळी मी काढली होती,” तो म्हणाला. “आणि तुमचं बोलणं मी बाईंना सांगितलंच नाही. दोष तुमच्या माथी मारला.”

मास्तरांनी डबा तसाच बंद बाजूला ठेवला. “बायको येऊ देत नव्हती,” ते म्हणाले. “मी म्हटलं, तिथे आपलं माणूस आहे.”

त्याच दुपारी मुकादम सरकारी कचेरीत गेला आणि खरी जबानी लिहून दिली. कारखान्याने मास्तरांचा उपचार आणि हक्काची भरपाई मान्य केली. त्याला मात्र मळक्या चादरी निवडायला बसवलं; लोक सवयीने मुकादम म्हणत तेवढंच.

मास्तर मायदेशी परत निघाले त्या सकाळी तो बसथांब्यावर गेला आणि बॅग उचलायला वाकला. मास्तरांनी ती आधीच डाव्या हातात घेतली होती.

“कागद बदललात, बरं केलंत,” ते म्हणाले. पत्ता दिला नाही, त्याने मागितला नाही. बस गेली. कामाची वेळ टळत होती, तरी त्याचा पाय तिथून निघेना.