दिवसाची वीज

जव्हारच्या घरी नवा मीटर बसला, त्याच संध्याकाळी कमलेशनं आईला आणि बायकोला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात घरात जी वीज वापरली जाईल तिला दरात सवलत मिळणार. दिवसा उन्हावरची वीज भरपूर तयार होते, ती वापरली जावी म्हणून ही योजना. संध्याकाळी सगळे घरी परततात, घरोघर सगळंच एकदम चालू होतं, तेव्हा सवलत नाही. कमलेश साखरशेतच्या शाळेत शिक्षक होता. घरातसुद्धा तो फळ्यापुढं उभं राहिल्यासारखाच सांगायचा.

"पण दिवसा घरी असतं कोण?" रोहिणी म्हणाली. "तुम्ही शाळेत, मी ऑफिसात. कपडे, इस्त्री, दळण, सगळं आपलं संध्याकाळीच होतं."

"मी हाय की," सुकी म्हणाली.

हे ती आपण होऊन म्हणाली होती. पुढं तिला ते वाक्य पुष्कळदा आठवायचं, आणि मग बोल लावायला दुसरं कुणी सापडायचं नाही.

सुकीचा नवरा मंगळू गेला तेव्हा पोशेऱ्याचं शेत चुलत दिराला अर्धेलीनं देऊन कमलेशनं तिला जव्हारला आणलं होतं. घर चांगलं होतं, सून चांगली होती. नात किमया शिकायला नाशिकला. रोहिणी सासूला कशाला हात लावू द्यायची नाही. सुकीनं झाडू उचलला की म्हणायची, "आई, तुम्ही बसा." ती मायेनंच म्हणायची, पण जिनं जन्मभर डोंगर चढून पाणी आणलं, चिखलात वाकून भात लावलं, तिला "बसा" म्हणजे काय करायचं हेच कळायचं नाही. ती गॅलरीत बसायची. खाली रस्त्यावर कोण आलं, कोण गेलं ते बघायची. जेवायला दोन घास कमीच घ्यायची, कारण कष्टाशिवाय भूक लागत नव्हती.

नव्या मीटरनं तिला काम दिलं. रोहिणीनं वॉशिंग मशीनच्या दोन बटणांवर लाल टिकल्या चिकटवल्या, आधी हे आणि मग हे. सुकी पहिल्यांदा घाबरली, मग सरावली. दोघं बाहेर पडली, नऊ वाजले, की ती पाण्याची मोटर लावायची. टाकी भरली की मशीन. मशीन चालू असताना घरगंटीवर नागली, नाहीतर तांदूळ. दुपारी इस्त्री. कमलेशच्या सदऱ्याची कॉलर ती अशी बसवायची की तो म्हणाला, "शाळेत विचारतात, कपडे कुणाकडे टाकतोस."

पहिलं बिल आलं तेव्हा त्यानं मोबाइलवर कसल्या तरी उभ्या रेघा दाखवल्या. दिवसाच्या रेघा उंच झाल्या होत्या, संध्याकाळच्या बुटक्या. "हे सगळं आईमुळं," तो म्हणाला. त्या दिवशी सुकी पोटभर जेवली.

भाद्रपदाच्या शेवटी सूर्यमाळहून चंदाचा फोन आला. चंदा म्हणजे सुकीच्या थोरल्या बहिणीची, गोदीची मुलगी. नवऱ्यानं टाकल्यापासून ती आईजवळच पाड्यावर राहायची.

"मावशे, आईला बरं नाय," चंदा म्हणाली. "छातीत कफ धरलाय. खोडाळ्याला दवाखान्यात नेऊन आणली, गोळ्या दिल्यात. पण ती सारखी तुजा नाव काढते. एकदा येऊन जा."

"येते," सुकी म्हणाली. "या दोन दिसांत येते."

फोन ठेवला आणि मशीन वाजलं, म्हणून ती कपडे काढायला गेली.

दुसऱ्या दिवशी निघायचंच, असं तिनं मनात ठरवलं होतं. पण रात्री जेवताना रोहिणी म्हणाली की भावाच्या मुलाचं बारसं आपल्याकडे करायचं ठरतंय, माहेरची माणसं दोन दिवस राहायला येतील. चादरी, गोधड्या, उशांचे अभ्रे सगळं धुवावं लागेल, तांदळाचं पीठ जास्त दळून ठेवावं लागेल. "आई, जमेल ना तुम्हाला? नाहीतर मी संध्याकाळी थोडं थोडं करते."

"संध्याकाळी कशाला?" सुकी म्हणाली. "माझा दिवस रिकामाच असतो."

गोदीचं तिनं सांगितलं, नाही असं नाही. "गोदीला बरं नाय म्हणतात," एवढं म्हणाली. कमलेशनं मान वर केली, "मावशीला? काय झालं?" असं विचारलं. "खोकला," सुकी म्हणाली. "थंडीच्या आधी होतो तिला," असं तो म्हणाला आणि विषय तिथंच राहिला. सुकीला वाटलं होतं, तो म्हणेल, जाऊन ये. तो म्हणेल म्हणून ती थांबली, आणि तिला जायचं असतं तर ती बोलली असती, असं त्याला वाटलं.

बारसं झालं. पाहुणे गेले. त्यांच्यामागं पुन्हा गोधड्या धुवायच्या निघाल्या. त्यात दोन दिवस आभाळ भरून राहिलं, कपडे वाळेनात. चंदाचा पुन्हा फोन आला. या वेळी ती जास्त बोलली नाही. "येतेस ना, मावशे?" एवढंच.

"येते गं. एवढे कपडे वाळू दे."

हे बोलताना सुकीला काही वाटलं नाही. वाटलं ते दुपारी, इस्त्री तापत होती तेव्हा. एकाएकी तिला पोशेऱ्याची ती सकाळ आठवली. कमलेश पोटात आडवा आला होता. सुईण हात टेकून बसली होती. ऐन आवणीचे दिवस, सगळं शिवार चिखलात. मंगळूनं सूर्यमाळला सांगावा धाडला, तेव्हा गोदी स्वतःच्या खाचरात होती. हातातली रोपांची मूठ तिनं बांधावर टाकली आणि तशीच, गुडघ्यापर्यंतच्या चिखलानिशी, डोंगर उतरून पोशेऱ्याला आली. पोर सुखरूप बाहेर येईपर्यंत तिनं सुकीचा हात सोडला नाही. त्या वर्षी गोदीचं अर्धं भात लावायचं राहून गेलं. पुढं वर्षभर तिच्या घरी एक वेळच चूल पेटायची. पण गोदीनं ते कधी तोंडानं काढलं नाही.

तिनं भात टाकलं होतं, आणि आपण चादरी टाकून जात नाही.

सुकीनं इस्त्रीचं बटण बंद केलं. मशीन अर्ध्यावर आलं होतं, पाणी आत घुसळत होतं. तिनं ते तसंच सोडलं. लुगडं बदललं, शेजारच्या शांताबाईंकडे किल्ली दिली. "रोहिणीला सांगा, मी सूर्यमाळला जाते," म्हणाली. कोपऱ्यावरच्या कांतीलालच्या दुकानातून बिस्किटांचे पुडे घेतले आणि मोखाड्याची एसटी धरली. मोखाड्याहून खोडाळा, खोडाळ्याहून जीप. जीप भरल्याशिवाय निघेना. सुकी पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. ड्रायव्हरला एकदाही म्हणाली नाही की लवकर चल. घाई करायचे दिवस मागंच गेले, हे तिला तेव्हाच उमगलं असावं.

पाड्यावर पोहोचली तेव्हा ऊन डोंगरामागं सरकलं होतं. अंगणात बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून वाट दिली. गोदी होती अजून. डोळे उघडे होते, श्वास घरघरत होता. पण सकाळपासून वाचा गेली होती.

"आई, बघ, मावशी आली," चंदा तिच्या कानाशी म्हणाली.

सुकीनं तिचा हात हातात घेतला. हात हलका झाला होता, पण तळव्याचे घट्टे तसेच होते. गोदी तिच्याकडे बघत होती, की तिच्या मागच्या कुडाकडे, हे सुकीला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा ओठ हलले. सुकी वाकली. आवाज आला नाही.

"काय म्हणत होती गं ती? माझा नाव काढून?" तिनं चंदाला विचारलं.

"काय नाय. सुकी आली का, एवढाच. काल दुपारपर्यंत विचारत होती."

कोंबडा आरवायच्या सुमाराला गोदी गेली.

जाळून आल्यावर सुकी परत निघाली नाही. कमलेशचा फोन आला, रोहिणी रडली. दोघं दिवसकार्याला आली. चंदानं भात आणि उडदाची आमटी केली होती. पंगत उठल्यावर कमलेश आईला घेऊन घरामागच्या उंबराखाली बसला. समोर उतारावर भात पिवळं पडत आलं होतं.

"आई, मला नीट सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मावशी इतकी आजारी आहे हे मला ठाऊक असतं तर मी तुला स्वतः गाडीवर घेऊन आलो असतो."

"खरंय. तू आणली असतीस."

"मग का नाही सांगितलंस?"

"मना वाटलं, मी गेले तर तुजं संध्याकाळचं बिल वाढेल," ती म्हणाली. "मग तू म्हणशील, आईच्या भरवशावर काय राहायचं. मग पुन्यांदा मी बसून ऱ्हाईन."

बराच वेळ कमलेश पायाजवळची माती काडीनं उकरत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे ती सवलत. उद्यापासून सगळं आम्ही संध्याकाळी करू."

"सवलतीनं काय केलंय?" सुकी म्हणाली. "ती बरीच हाय. दिवसा ऊन असतं, वीज असते. पण त्या वेळेला घरात माणूसही असतं. तुमी धरलात की आईला दिवसभर काय काम. आन मीही तसाच धरला."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच कमलेशला जड गेलं. त्याचे डोळे भरून आले. सुकीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. एरवी ठेवला असता. तिला वाटलं, थोडं रडू दे. गोदीसाठी रडणारी माणसं तशीही थोडीच आहेत.

"मी कापणी होईपर्यंत हितंच ऱ्हाते," ती म्हणाली. "चंदा एकली हाय."

कापणी, बांधणी, झोडणी झाली. सुकीची कंबर धरली, हात भेगाळले, पण भूक परत आली. चंदाशी ती गोदीबद्दल फारसं बोलली नाही. दोघी सकाळी झऱ्यावर जायच्या, संध्याकाळी चुलीपुढं बसायच्या. पाड्यावर वीज होती, पण चंदाच्या घरात एकच दिवा आणि एक पंखा. सवलतीच्या वेळात लावायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

दिवाळीच्या पुढं सुकी जव्हारला परतली. रोहिणीनं चहा केला. कमलेश शाळेत होता. दुपारची वेळ, घरात दोघीच. रोहिणी रजा टाकून थांबली होती. काहीतरी सांगायचं तिच्या तोंडावर येत होतं आणि मागं जात होतं.

"आई," शेवटी ती म्हणाली, "तुम्ही नव्हतात तेव्हा मी एकदा मशीनचं पुस्तक काढून वाचलं. त्यात एक बटण आहे. सकाळी जाताना कपडे घालून वेळ लावून ठेवली, की दुपारी ते आपोआप सुरू होतं. घरी कुणी लागत नाही."

सुकी तिच्याकडे बघत राहिली. "पहिल्यापासून होतं?"

"पहिल्यापासून. मी कधी बघितलंच नव्हतं." रोहिणीचा आवाज भरून आला. "मोटरलाही तसंच बटण बसवता येतं, वायरमन म्हणाला. न सांगता राहिले असते तर चाललं असतं. पण मला झोप येईना."

सुकीनं कप खाली ठेवला. बाहेर कुणाचा तरी मिक्सर फिरत होता. गोदीची शेवटची दुपार तिच्यापुढं उभी राहिली, "सुकी आली का" विचारणारी. त्या दुपारी इथं मशीन एकटंच फिरलं असतं. रोहिणीला चार शब्द सुनवावेत असं क्षणभर वाटलं. मग तिनं सुनेकडे नीट बघितलं. पोरगी उतरून गेली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "दुसरं कुणी सांगितलं नसतं."

रोहिणीनं पदर डोळ्यांना लावला. सुकी उठली, न्हाणीघरात जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं. बाहेर आली तेव्हा आवाज तिचा नेहमीचा होता.

"चंदाची वरकसातली, डोंगरउतारावरची नागली अजून झोडायची हाय," ती म्हणाली. "सोमवारी मी पुन्यांदा जाते. आठवडाभर लागेल, जास्तही लागेल. कमलेशला विचार, मोखाड्यापर्यंत सोडशील का म्हणून."

"मी सोडते," रोहिणी म्हणाली. "खोडाळ्यापर्यंत येते."

"ये मग पाड्यापर्यंतच," सुकी म्हणाली. "चंदाला बरं वाटेल."