पूजेआधी घोडी चढवायची नाही

या, अशा माझ्याजवळ सरका. मांडी घालून बसवत नसेल तर भिंतीला टेका, देव काही म्हणत नाही. बुवांच्या चिपळ्या अजून पिशवीत आहेत, मृदंगवाला कॉफी पितोय, म्हणजे कीर्तनाला चांगला वेळ आहे. तेवढ्यात तुम्हाला एका घोडीची गोष्ट सांगते. घोडीची म्हणजे खरं तर घोडी न्यायच्या गाडीची, आणि गाडीची म्हणजे आमच्या शहाजीरावांची. ते काय, पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेत, बोटं मोबाइलवर. बुवा बुक्का लावायला आले की सगळ्यांत आधी त्यांचं कपाळ पुढे. मधलं कीर्तन मात्र कानाच्या पाळीवरून घसरून जातं.

हरिणी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, शहाजीरावांची सख्खी पुतणी. शहराबाहेर समुद्रकाठच्या कोवलमला, मासळी वाळत घालतात त्याच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये तिची घोडी असायची. रंग अगदी आपण वेणीत माळतो त्या अबोलीसारखा, म्हणून नावही अबोली. दर शनिवारी हरिणी तिला तांबरमला न्यायची, एका शाळेत. तिथल्या मुलांच्या पायांत बळ नाही. पण तीच मुलं घोडीच्या पाठीवर बसवली की कण्यात जीव येतो, मान वर होते. संयुक्ता म्हणून एक पोर आहे, ती शनिवारी सकाळपासून फाटकाशी खुर्ची लावून वाट बघते.

न्यायची कशात? तर कोबीची पोती वाहणाऱ्या टेम्पोत, खाली वाळू पसरून. एकदा केळंबाक्कमच्या वळणावर टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि अबोली गुडघ्यावर आदळली. गुडघा फाटला. कातडं शिवून झाल्यावर डॉक्टर हरिणीला म्हणाले, "अजून एकदा अशी पडली तर पुन्हा उभी राहायची नाही." घोड्याचं उभं न राहणं म्हणजे काय, ते तिला फोड करून सांगावं लागलं नाही.

हे शहाजीरावांच्या कानावर गेलं ते आमच्याकडच्या एका बारशाला. भरल्या पंगतीत त्यांनी हात वर केला. "पुतणीच्या घोडीला मी गाडी घेऊन देतों! खास घोडा न्यायचा ट्रेलर! आपण कोण? आपले मूळपुरुष घोड्यावरून तंजावरांत आले!"

मूळपुरुष आले होते बैलगाडीतून, दप्तराच्या गाठोड्यांवर बसून. सरकारी कारकून होते बिचारे. त्यानंतर ह्या घराण्यात घोड्याला कोणी हात लावलेला नाही. शहाजीरावांना तर स्कूटरवरही तोल सावरत नसे. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, ती वाकून पाया पडली, आणि एकच मागणं मागितलं. "काका, घ्यायच्या आधी अबोलीला एकदा त्यात चढवून बघूया."

"सरि, सरि," असा होकार भरला शहाजीरावांनी आणि पुढचा लाडू उचलला.

तांबरमच्या पुढे एक मोठं आवार आहे, तिथे असल्या गाड्या बांधतात. आम्ही तिघं गेलो. हरिणीनं मला मुद्दाम नेलं, कारण काकांपुढे तिची जीभ टाळूला चिकटते. विकणारा राममूर्ती नावाचा गुळगुळीत माणूस होता. त्याचं मत समोरच्याच्या तोंडावर लिहिलेलं असायचं, तो फक्त वाचून दाखवायचा.

दोन गाड्या उभ्या होत्या. एक राखाडी, जुनी. बसकी, रुंद, बाजूंना वारं खेळेल अशा खिडक्या. मागची फळी खाली टेकवली की चढायला हलका उतार व्हायचा, त्यावर रबर अंथरलेलं आणि खूर अडकावेत म्हणून आडव्या पट्ट्या. हरिणी त्या फळीवर चढली, उतरली, पाय आपटून पाहिले, आत जाऊन उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता.

दुसरी पांढरीशुभ्र. एसी. आत मखमलीसारखी गादी. फळी चकचकीत पत्र्याची आणि घराच्या माळ्याच्या जिन्यासारखी खडी.

"ही राखाडी कुणाच्या तेराव्याची?" शहाजीरावांनी विचारलं.

"करेक्ट सार, फार जुनी आहे सार," राममूर्ती लगेच म्हणाला. मघाशी तोच हरिणीला त्या गाडीचे गुण सांगत होता.

"काका, हिचा उतार कमी आहे. गुडघ्याला बरं पडेल."

"उतार काय बघतेस? ही बाजू बघ." त्यांनी पांढऱ्या गाडीच्या अंगावर थाप मारली. "केवढी सपाट भिंत! मूळपुरुषांपासून वंशावळ मावेल. वर दोन तलवारी."

"फोर्ट लुक येईल सार," राममूर्ती म्हणाला.

मग शहाजीराव स्वतः त्या पांढऱ्या गाडीत जाऊन उभे राहिले, राममूर्तीचा हात धरून. एसी लावायला सांगितला. डोळे मिटून घेतले. "काय थंडगार! घोडीला आणखी काय पाहिजे?"

मी म्हटलं, "शहाजीराव, प्रवास घोडीला करायचाय. तिला आणून चढवून बघायचं ठरलं होतं."

"अक्का, तुम्ही एवढ्या देवभक्त, आणि असं बोलतां?" ते दुखावल्यासारखे झाले. "नवी गाडी! पूजेआधी तिच्यांत जनावर चढवायचें? आपल्या घरांत असें कधी झालें नाही. आयुधपूजेला लिंबं, कोहळा, कापूर, सगळें यथासांग करूं. मग चढूं दे तुमची घोडी."

"स्वतः चढलात ते?"

"मी जनावर आहे का?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण पोरीनं माझा हात दाबला.

लोकांना देव कशाला लागतो ते मी पुष्कळ पाहिलंय. कोणाला रडायला लागतो, कोणाला गायला. शहाजीरावांना तो आपल्या मर्जीवर शिक्का मारायला लागतो. घोडीची परीक्षा नको होती, कारण घोडी नापास करील ही भीती. मग देवाला मध्ये उभं केलं. पैशानं आंधळा झालेला माणूस मला चालतो, पण पूजेच्या ताटाआड लपणारा नाही चालत.

आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, नुंगंबाक्कमला त्यांच्या बंगल्यापुढे मांडव, नादस्वरम, तविलाचा ढोल. मधोमध पांढरी गाडी. सबंध बाजूभर सोनेरी अक्षरांत नावं: मूळपुरुष, त्यांचे पुत्र, पौत्र, खाली शहाजीराव सगळ्यांपेक्षा दीडपट जाड, मग अमेरिकेतला मुलगा कार्तिक, मग नातू. रंगाऱ्याकडे कोपऱ्यात थोडी जागा उरली होती, म्हणून नातवाच्या कुत्र्याचंही नाव घातलेलं, टायगर. मी दोनदा शोधलं. अबोली कुठे नव्हती.

अबोली आली त्याच कोबीच्या टेम्पोतून, शेवटची खेप म्हणून. हरिणी सबंध वाट आत तिच्या छातीला खांदा लावून उभी होती. उतरली तेव्हा दोघी घामानं भिजलेल्या.

पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली. कोहळा खरं तर गाडीच्या तोंडापुढे रस्त्यावर फोडतात. पण शहाजीराव म्हणाले, "घोडी मागून चढणार, तर तेंच दार." म्हणून कोहळा फोडला तो चढायच्या फळीवर. कुंकवाचं पाणी, बिया, गर सगळं त्या चकचकीत पत्र्यावर. वर कापूर धडधडतोय, तविलवाला जोरात.

"चढव!"

हरिणीनं पदरानं गर जमेल तेवढा पुसला आणि अबोलीला पुढे आणलं. घोडीनं नाक खाली केलं, फुरफुरली, एक पाय फळीवर ठेवला. खूर कर्रकन घसरला. तिनं पाय मागे घेतला, आणि त्या शिवलेल्या गुडघ्यापासून पोटापर्यंत कापरं भरलं. हरिणी तिच्या कानाशी काहीतरी बोलली. पुन्हा पाय, पुन्हा कर्र. आता ती जागची हलेना. पाहुणे मोबाइल वर धरून उभे.

"हट्टी आहे," शहाजीराव म्हणाले. "डोळे बांधा, आणि दोघांनी मागून ढकला!"

अलकनंदा, त्यांची बायको, आरतीचं ताट घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "बांधा की. डोळे बांधून ह्या घरांत आलेली मी एकटीच कां असावी?" बायका हसल्या. शहाजीराव हसले नाहीत.

हरिणीची जीभ त्या दिवशी टाळूपासून सुटली. "काका, तुम्ही एकदा वर जाऊन दाखवा. तुम्ही गेलात तर तीही येईल."

असं म्हणून तिनं घोडीला मागे वळवून रस्त्यापलीकडे सावलीला नेलं. आता पन्नास मोबाइल काकांकडे वळलेले. नाही म्हणायची सोय नाही. "बघ. रक्तांतच आहे आपल्या," असं म्हणून त्यांनी लुंगीसारखी नेसलेली जरीची वेष्टी दोन बोटांनी उचलली आणि नव्या चपला त्या फळीवर ठेवल्या. तीन पावलं मूळपुरुषांना शोभतील अशी पडली. चौथं कोहळ्याच्या गरावर. आणि शहाजीराव सबंध वंशावळीशेजारून, वरपासून खालपर्यंत, बसल्या बसल्या उतरले.

लागलं काही नाही. बूड भक्कम आहे. पण उठताना काय म्हणाले ऐका. "घोडीनं ढकललें!"

घोडी रस्त्याच्या पलीकडच्या वेपाच्या, म्हणजे कडुनिंबाच्या झाडाखाली, हरिणीच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी होती.

मग त्यांचा आवाज बारीक आणि थंड झाला. "हरिणी, आज ती चढली तर गाडी तुझी. नाही चढली तर गाडी माझ्या दारांत राहील, आणि दुसरी मी घेऊन देणार नाही. डोळे बांधायचे कीं नाहीत, तूं ठरव."

मला वाटलं, पोरगी बांधेल. तांबरमची मुलं होती तिच्या डोळ्यांपुढे, फाटकाशी बसलेली संयुक्ता होती. तिनं एकदा ती फळी पाहिली. मग खाली बसून अबोलीच्या गुडघ्यावरून, त्या टाक्यांच्या वळावरून हात फिरवला. उठली, घोडीच्या गळ्यातले झेंडूचे हार एकेक करून काढले, काकांच्या हातात दिले आणि म्हणाली, "राहू दे काका. तुमची नावं तुमच्याकडेच बरी."

टेम्पोत ती घोडीला पुन्हा चढवणार नव्हती. कोवलमही सुटलं, तिथून तांबरमला दर शनिवारी कोण चालवणार? तिनं शाळेला फोन केला. फार पूर्वीच त्यांनी खेळाच्या मैदानामागचा पत्र्याचा कोपरा देऊ केला होता. तिनं नको म्हटलं होतं, कारण कोवलमला समुद्र होता. अबोली संध्याकाळी लाटांत पोटऱ्यांपर्यंत उभी राहायची, तेवढंच तिचं सुख. आता ते सोडून हरिणी नुंगंबाक्कमहून तांबरमला निघाली, पायी, हातात दोर.

तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी ह्या शहरात कोणता रस्ता साफ असतो? दर दुकानापुढे, दर रिक्षापुढे फुटलेला कोहळा. दुचाकीवाले घसरतात, मग घोडीचं काय? अलकनंदानं आरतीचं ताट खाली ठेवलं, अंगणातला खराटा उचलला आणि नवऱ्याकडे न बघता फाटकाबाहेर गेली. ती पुढे झाडत, मागे घोडी. सैदापेटपर्यंत ती, पुढे मी. पल्लावरमला एका चहावाल्यानं बादलीभर पाणी पाजलं. पोचलो तेव्हा अजून उजेड होता, आणि फाटकाशी खुर्ची लावलेली होती, शनिवार नसतानाही.

ती पांढरी गाडी अजून बंगल्यापुढे आहे. त्यात समारंभाच्या खुर्च्या ठेवतात, एसीत. शहाजीराव येईल त्याला सांगतात की घोडी वेडी निघाली. आज ज्या खुर्चीवर बसलेत ना, ती त्यातलीच.

बघा, बुवा उठले. चिपळ्या निघाल्या. आज तिरुवल्लिक्केणीच्या पार्थसारथीचं आख्यान आहे म्हणतात, भर रणात रथ थांबवून त्यानं घोड्यांच्या अंगातले बाण आपल्या हातानं काढले, पाणी पाजलं, ते. मला तिथे नेहमी रडू येतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फक्त एवढं करा. देव घोड्यांच्या पाठीवरून हात फिरवतो असं बुवा म्हणतील, तेव्हा तुम्ही तिला आठवा. त्या गाडीवर कुत्र्याचंसुद्धा नाव आहे, तिचं नाही. अबोली. आठवाल ना?