दोन दिवस नुसता भरडा

आरतीनं ज्वारीच्या भरड्यावर गोडं तेल ओतलं, त्यात गूळ चुरला आणि दोन्ही हातांनी कालवायला घेतलं. तिच्या सासऱ्यांनी, श्रीमंतरावांनी, काल सांजेला भुईमुगातली सगळी बिळं मातीनं बुजवली होती. सकाळी त्यातली निम्मी पुन्हा उकरलेली निघाली. उकरलेलं म्हणजे आत घूस आहे.

"मामा, औषध कवा घालायचं ह्यात?"

"आज न्हाई, उद्या बी न्हाई. दोन दिस नुसतं गोडधोड." श्रीमंतराव ओसरीवर बसून कागदाच्या पुड्या वळत होते. "घूस लई संशयी. नवं कायबी दिसलं की कणभर चाखती आन गप बसती. पोटात दुखलं की पुन्हा त्याला तोंड लावत न्हाई. म्हणून आधी भरवसा बसू द्यायचा."

"पाव्हण्यावाणी करायलाव की मामा."

"जावयावाणी म्हण. पाव्हण्याला कोण एवढं तेल घालतंय?"

आरती हसली. त्या दोन दिवसांत ती बरीच हसली. तिला चौथा महिना लागला होता आणि घर एकाएकी मऊ झालं होतं. पहिली लेक शिवानी झाली तेव्हा बाळंतिणीच्या दारातूनच माघारी फिरलेली तिची सासू, केवळाबाई, आता तिच्या भाकरीवर तूप सोडत होती. कमरेवरची घागर काढून घेत होती. तिच्या नवऱ्यानं, सत्यमनं, अहमदपूरहून हिरव्या बांगड्या आणल्या, आणि त्या भरताना त्यानं तिचा हात कधी नव्हे तो जपून धरलाय, हे तिच्या ध्यानात राहिलं. दुपारी शिवानीला थोपटता थोपटता तिनं माहेरी, लोह्याला, आईला फोन लावला.

"माय, आता घरातल्यावाणी वाटायलंय बघ."

रानात ठेवलेल्या पुड्या दोन्ही दिवस रिकाम्या झाल्या. कागदसुद्धा आत ओढून नेले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीमंतरावांनी नाकाला उपरणं बांधलं, हाताला पिशव्या गुंडाळल्या आणि भरड्यात औषधाची काळी पूड टाकून काठीनं ढवळू लागले. अंगणभर उग्र वास सुटला. त्याच वेळी फाटकाशी एक जीप येऊन थांबली. केवळाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली.

"आरती, आवर बाय. राज्याच्या हद्दीपलीकडं जाऊन येऊ."

"कशाला आत्याबाई?"

"डॉक्टर हाय एक. बघून सांगतो, काय हाय ते. पोरगं असलं तर बरंच झालं."

"आन नसलं तर?"

केवळाबाईनं पुढं होऊन तिचा पदर सारखा केला. "तर तिथंच मोकळं करतेत. सांजंला घरी. तू उगं जिवाला घोर लावून घिऊ नगस."

आरतीनं सत्यमकडं पाहिलं. तो जीपची काच पुसत होता.

"तुमाला ठाव होतं?"

"माय हाय की संगं," तो काचेकडंच बघत म्हणाला.

श्रीमंतरावांची काठी थांबली. मग पुन्हा फिरू लागली.

आरती खोलीत गेली, आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेर कुणी आरडाओरडा केला नाही. कुणी दार बडवलं नाही.

"उघड की, माझी बाय," केवळाबाईचा आवाज फटीतून आला. "दूध तापवलंय. तेवढं पिऊन घे, मग बोलू."

जरा वेळानं दारावर लहानगी बोटं वाजली.

"आई, जिलबी. बाबानी दिली."

"शिवानीला बी न्यायची हाय की जीपमधी," केवळाबाई म्हणाली. "पोरगी कवाधरनं उभी हाय. तिच्यासाठी तरी उघड."

आरतीनं कडी काढली. पोर आत येईल एवढंच दार किलकिलं केलं, लेकीचं मनगट धरून तिला आत ओढलं आणि कडी पुन्हा घातली. झटक्यात जिलबी उंबऱ्याबाहेर पडली. शिवानीनं ओठ काढले.

आरतीनं तिला मांडीवर घेतलं. पदराचं टोक तांब्यात भिजवलं आणि तिचं तोंड पुसलं. ओठ पुसले, हनुवटी पुसली, बोट घालून जिभेवरचा पाकही काढला.

"गोड हाय आई," शिवानी रडत म्हणाली.

"हाव," आरती म्हणाली, आणि पुसतच राहिली.

"उन्हं चढायलेत, लेकरा," बाहेरचा आवाज आणखी मऊ झाला होता.