टोपीखालचा माणूस

"टोपी काढ म्हाताऱ्या!" मी शिडीवरून ओरडलो. "तोंड दिसत नाहीये तुझं."

"दिसायला कशाला पाहिजे? शेत माझं, फाटक माझं, पैसे मोजून घेतलेला कॅमेराही माझाच. चोर काय मी आहे?"

"राज्याचा नियम आहे. फाटकातून आत येणाऱ्याचं तोंड ओळखू आलं पाहिजे."

"मग येणाऱ्यांना सांग ना. मी तर इथेच असतो."

त्याची बायको नोरीन खाली शिडी धरून उभी होती. तिचे हात आखडले होते. "काढ रे बाबा टोपी," ती म्हणाली. "लेलंडचे गुडघे गेलेत. तो काय दिवसभर वर लटकून राहणार आहे?"

व्हर्जिलने टोपी काढली खरी, पण काढता काढताच वळला आणि फाटकाच्या बिजागऱ्या तपासायला लागला. माझ्या हातातल्या छोट्या पडद्यावर त्याचं टक्कल तेवढं आलं. मी कपाळावर हात मारला.

माझा धंदाच हा. परवानेवाल्या गांजाच्या शेतांवर कॅमेरे बसवायचे आणि बिघडले की पुन्हा चालू करायचे. ओरेगॉन राज्याच्या या दक्षिण टोकाला अशी शेतं डोंगराडोंगरातून पसरली आहेत आणि रस्ते असे की ट्रकमधून उतरल्यावर आपली हाडं जागेवर आहेत का ते चाचपून बघावं लागतं. नियम मला झोपेतही विचारा. झाडं उभी असतील तिथे कॅमेरा, वाळत असतील तिथे कॅमेरा, तोलली जातात तिथे कॅमेरा, प्रत्येक दारावर कॅमेरा. हे सगळं ज्या यंत्रात साठतं ते कुलूपबंद कोठडीत ठेवायचं, आणि त्या कोठडीवर नजर ठेवायला आत आणखी एक कॅमेरा. तीन महिने साठवण ठेवायची. मग नवा दिवस जुन्या दिवसावर चढतो आणि जुना पुसला जातो. वीज गेली तर राज्याला कळवा, उंदराने वायर कुरतडली तर राज्याला कळवा. कंटाळा आला होता मला. पण दुसरं काही येत नाही आणि या वयात कोण शिकवतंय?

व्हर्जिलचा हट्ट मला कळत नव्हता असं नाही. मीही त्याच टिनकप डोंगरावरचा. परवाने बिरवाने यायच्या आधी कितीतरी वर्षं आमच्या आईबापांनी तिथे चोरून गांजा लावला. ऑगस्ट आला की डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. बाकीच्या मुलांना रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवतात, आम्हाला शिकवलं होतं की आवाज आला तर वर बघायचं नाही. वर बघितलं की तोंड दिसतं. चालायचं ते झाडांच्या सावलीच्या कडेकडेने, रुंद काठाची टोपी घालून. आणि फोटो काढायचा नाही. कोणाचाच, कधीच. लग्न असो, बारसं असो, वाटेच्या तोंडाशी कोणीतरी बटाट्याचं पोतं घेऊन उभं असायचं आणि पाहुण्यांनी आपापले कॅमेरे त्यात टाकायचे. माझा लहानपणचा एकही फोटो नाही. व्हर्जिल आणि नोरीनचं लग्न नदीकाठी झालं, सगळा डोंगर नाचला, त्याचाही एक फोटो नाही.

अशा माणसाला एक दिवस सांगितलं की बाबा रे, आता सगळं कायदेशीर झालंय, तेव्हा तुझ्या झाडांवर चोवीस तास कॅमेरे लाव आणि टोपी काढून त्यांच्याकडे बघ! कसं जमावं त्याला?

टोपी त्याच्या डोक्यावरून उतरायची ती फक्त जेवणाच्या टेबलावर, नोरीनच्या समोर. बाईमाणसासमोर घरात टोपी घालून बसायचं नाही, ही त्याच्या आईची शिस्त. एरवी तो टोपीसकट जन्मला होता असंच डोंगरावर म्हणायचे.

पहिल्याच तपासणीत घोळ झाला. राज्याकडून आलेली बाई तशी बरी होती, नव्या बुटांना चिखल लागला तरी कुरकुरली नाही. कोठडीत बसून तिने चित्रण पाहिलं आणि मला विचारलं, "हा रोज येणारा माणूस कोण?"

"मालक, मॅडम."

"हे तुम्ही सांगताय. चित्रात मला टोपी दिसतेय. इथे पाठ दिसतेय. इथे तर हा माणूस दारातून उलटा आत शिरतोय."

"हातात ट्रे असतो ना, म्हणून पाठीने दार ढकलतो," व्हर्जिल मागून म्हणाला.

"आणि इथे ट्रे नाहीये, तेव्हा?"

"तेव्हा सवयीने."

बाई हसली. पण हसून काय होतंय? शेरा मारून गेली. मला पुन्हा सगळी चढ-उतार करावी लागली, कॅमेरे खाली घ्यावे लागले, कोन बदलावे लागले. व्हर्जिल मला कॉफी आणून द्यायचा आणि विचारायचा, "हा कुठपर्यंत बघतो रे?" मी मूर्खासारखा सांगायचो. मला वाटायचं, त्याला शेताची काळजी आहे. दोन दिवसांत पठ्ठ्याने सगळ्या कॅमेऱ्यांच्या कडा पाठ करून टाकल्या. कुंपणाला खेटून कसं जायचं, कुठे वाकायचं, कुठे टोपी तिरकी करायची. पुढच्या वेळी बाईने एका चित्रात त्याची हनुवटी ओळखली आणि कंटाळून होकार दिला.

ऑक्टोबरमध्ये कापणी ऐन भरात असताना व्हर्जिल झाडांच्या दोन ओळींमध्ये खाली बसला तो उठलाच नाही. हृदय. नोरीनला वाटलं बुटाची नाडी बांधतोय.

मी जाऊन आलो, बसून आलो, राजम्याची भाजी घेऊन गेलो. असल्या वेळी जे करतात ते सगळं केलं. कापणी शेजाऱ्यांनी उरकून दिली. मग माझी कामं, माझे गुडघे, थंडी. डिसेंबर संपत आला तेव्हा एका सकाळी तिचा फोन आला.

"लेलंड, शेतकऱ्यांच्या ग्रेंज हॉलमध्ये त्याच्या आठवणीसाठी जमायचंय. टेबलावर ठेवायला फोटो मागतायत सगळे."

"आता कसला फोटो मागतात? माहीत नाही का त्यांना?"

"जुन्यांना माहीत आहे. नव्या लोकांना काय सांगू? गाडीच्या लायसन्सवर आहे एक. तो बघवत नाही रे मला. कोणीतरी पकडून आणलेला चोर वाटतो. खरं सांगू? लोकांसाठी नाही. मला त्याचं तोंड आठवेनासं झालंय. डोळे मिटले की टोपीच येते. कॅमेऱ्यात असेल ना तो कुठेतरी?"

यंत्र तिकडे इमानेइतबारे रोज एकेक दिवस पुसत बसलं होतं. सप्टेंबर जवळजवळ सगळा गेला होता. व्हर्जिलचे शेवटचे थोडेसे दिवस उरले असतील नसतील. आणि ते यंत्र मीच लावलं होतं, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तसाच निघालो.

कोठडी म्हणजे जुन्या कोठाराच्या कोपऱ्यात फळ्या ठोकून केलेली खोली. एक यंत्र, एक पडदा, एक खुर्ची. मी आधी उरलेले सगळे दिवस वेगळे उतरवून घेतले. मग नोरीनला खुर्चीवर बसवलं आणि मी रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसलो.

व्हर्जिल होता ना. सगळीकडे होता! फाटकावर टोपी होती. झाडांमध्ये पाठ होती. वजनकाट्याशी एक खांदा आणि कान होता. वाळवणाच्या खोलीत तो उलटा शिरत होता, हातात ट्रे नसताना. ज्या ज्या ठिकाणी मी मुद्दाम त्याच्यासाठी कोन बदलला होता, त्या प्रत्येक ठिकाणी तो मला चकवून गेला होता.

"हट्टी मेला," नोरीन म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "आयुष्यभर लपला रे. कोणापासून लपत होता आता? हेलिकॉप्टरं गेली कधीच. मी तर इथेच होते."

दुपार झाली. तिने मक्याचा पाव आणला, तो कोणी खाल्ला नाही. मला वाटायला लागलं, बस झालं, सांगावं तिला की नाही सापडत. पाठमोरा एखादा छान मोठा करून देतो.

तेव्हा डोक्यात आलं की एक कॅमेरा राहिलाय. याच कोठडीतला. पडद्याच्या वर, कोपऱ्यात. त्याचं चित्रण कोणी कधी उघडत नाही. यंत्र आणि रिकामी खुर्ची, काय बघायचंय त्यात? बसवताना व्हर्जिल बाजूलाच होता, पण तेव्हा तो जनरेटरबद्दल काहीतरी बोलत होता, हा कुठपर्यंत बघतो ते त्याने विचारलं नव्हतं.

मी ते उघडलं.

व्हर्जिल खुर्चीत बसला होता. टोपी गुडघ्यावर. पडद्याचा उजेड तोंडावर, आणि तोंड समोर, सरळ आमच्याकडे. कपाळावर टोपीचा वळ, त्याच्यावर गोरं कपाळ आणि खाली रापलेले गाल. दाढीचे खुंट वाढलेले. तो कशाकडे तरी बघत होता.

नोरीनने तोंडावर हात ठेवला. हात न काढताच म्हणाली, "हा इथे काय करतोय? मला म्हणायचा, जनरेटर बघून येतो. मी शिव्या घालायचे त्याला. ऐन कापणीत काम टाकून कुठे जाऊन बसतोस म्हणून."

पडद्यावर व्हर्जिल एकदम हसला. आवाज नव्हता, पण खांदे हलले.

"कशाला हसला? लेलंड, कशाला हसला तो?"

मी बाकीचे कॅमेरे त्याच वेळेवर आणले. फाटक रिकामं. झाडं स्तब्ध. वजनकाटा रिकामा. वाळवणाच्या खोलीत नोरीन स्टुलावर बसून गांजाची फुलं छाटत होती. रेडिओ बंद पडला असावा. तिने कात्री ठेवली, उठली आणि रेडिओच्या डोक्यात एक सणसणीत चापट मारली. मग बोट रोखून त्याला काहीतरी सुनावलं.

मी पुन्हा कोठडीचं चित्र लावलं. व्हर्जिल हसला.

"रोज?" तिने विचारलं.

मी पुढचा दिवस लावला. त्याच्या पुढचाही लावला. दुपारी कामाची गडबड जरा ओसरली की तो यायचा, खुर्चीत बसायचा, पडद्यावर नोरीनचं चित्र मोठं करायचा. आणि मगच टोपी काढायचा.

"जेवढे उरलेत, तेवढे सगळे दिवस," मी म्हणालो.

तिला रडू फुटलं. मलाही. दोन म्हातारी माणसं त्या फळ्यांच्या खोलीत बसून रडलो, आणि वरचा कॅमेरा ते सगळं नियमाप्रमाणे टिपत होता.

फोटो मी गावातून मोठा करून आणला. हॉलमध्ये जमलो त्या दिवशी नोरीन तो पाकिटात घालून, छातीशी धरून आली. टेबलावर मेणबत्ती होती, जेवणाची भांडी होती, मध्ये जागा ठेवली होती. डोंगरावरचे सगळे म्हातारे मागे भिंतीला पाठ लावून उभे होते, आमच्या लोकांना दुसरीकडे उभं राहता येत नाही. नोरीन टेबलापाशी थांबली. मग तिने पिशवीतून व्हर्जिलची टोपी काढली आणि त्या जागेवर ठेवली. पाकीट तसंच छातीशी राहिलं.

"फोटो नाही मिळाला?" कोणा नव्या माणसाने हळूच विचारलं.

"मिळाला," ती म्हणाली. "तो माझा आहे. तुम्हाला ही बस्स."

मागचे म्हातारे खुदकन हसले. मग एकेकाने आपापल्या टोप्या काढल्या.

वसंत आला तसा नोरीनने परवाना परत केला. एकटीला झेपणारं काम नव्हतं ते, आणि तिची इच्छाही उरली नव्हती. मी कॅमेरे उतरवायला गेलो. झाडांवरचे काढले, वाळवणाच्या खोलीतले काढले. कोठडीतली खुर्ची ती घरात घेऊन गेली. शेवटी राहिला फाटकावरचा. मी शिडी लावली, तिने खालून धरली. मी वर पोहोचलो आणि पक्कड काढली.

"थांब जरा," ती म्हणाली. "चालू आहे ना अजून?"

"चालू आहे. पण आत बघायला कोणी नाही, नोरीन."

"असू दे."

तिने शिडी सोडली आणि चार पावलं मागे जाऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. टोपी काढली. पांढरे केस मनगटाने मागे सारले. आणि आम्हाला कधीच करू नका म्हणून शिकवलं होतं ते तिने केलं, मान उचलून सरळ वर बघितलं.

"दिसतेय का रे नीट?"

"दिसतेस."

ती हलली नाही. माझे गुडघे बोंबलत होते. मी पक्कड हातात धरून शिडीवर तसाच थांबलो.